हरीदादांच्या वखारीची मागची बाजू

हरीदादा,

तुम्ही गेल्याची बातमी नाक्यावरच्या फळ्यावर मी लिहिली. दुसरं कोणी खडू हातात घ्यायला तयार नव्हतं. चार ओळींत बसवली: नाव, वेळ, कुठून निघणार, आणि आज टेम्पो जाणार नाही. वय लिहिलं नाही, आजार लिहिला नाही, मागे कोण कोण आहेत तेही लिहिलं नाही. ते ज्याला माहीत नाही असा माणूस त्या फळ्यासमोरून जातच नाही. सातच्या सुमाराला दूधवाला सायकलवरून आला. अजून तो वाचता येईल इतका जवळ पोचला नव्हता. अक्षर वेगळं आहे एवढं त्याला लांबून दिसलं आणि तो तिथेच उतरला. मागून आलेले सगळे तसेच थांबले. छापण्याआधी फुटलेल्या बातम्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. वाचण्याआधी कळलेली ही एकच.

फळा वीस वर्षं तुमच्या हातात होता. रोज टेम्पो काढण्याआधी तुम्ही तो ओल्या फडक्यानं पुसायचात आणि तीन बातम्या लिहायचात. तीनच. ‘बेलाजवळचं घर सोमवारपासून उतरणार. कौलं हवी असतील त्यांनी आज सांगावं.’ ‘मांडव्याची बोट वाऱ्यामुळे बंद.’ ‘मुंबईहून दोन आरामखुर्च्या आल्या. एकीचा हात मोडका आहे.’ मोडका हात जाहिरातीतच सांगणारा विक्रेता मी त्याआधी पाहिला नव्हता.

पाच वर्षांपूर्वी मी वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन इथे राहायला आले, तेव्हा आपलं पहिलं भांडण त्या फळ्यावरूनच झालं. तुम्ही लिहिलं होतं, ‘बेलाजवळच्या घराचे मालक पुण्याहून आले.’ मी विचारलं, कशासाठी?

“ते त्यांना ठावं.”

“मग ही बातमी अर्धी आहे.”

तुम्ही हाताची खडूची भुकटी पँटला पुसली. “बाय, अर्धी हाय म्हनून लोक त्यांच्याकडं जाऊन इचारतील ना. पुरी लिवली तर हितूनच घरी जातील.”

तीस वर्षं मी पुऱ्या बातम्या लिहवून घेतल्या होत्या. वाचणाऱ्यानं नंतर कुठे जावं, हा विचार आमच्या डेस्कवर कोणी केला नव्हता. तसं मी तेव्हा कबूल केलं नाही. आता करते.

तुमचा धंदा जुन्याचा. मिठागरावरच्या घरात जन्मलात, आधी दुसऱ्यांचे ट्रक चालवलेत, मग स्वतःचा टेम्पो घेतलात. इथलं एखादं घर उतरायला, म्हणजे पाडायला, लागलं की खांब, तुळया, दारं, चौकटी तुम्ही मुंबईकडे न्यायचात. येताना मुंबईतल्या पाडायला निघालेल्या चाळींतून कपाटं, बाकं, दवाखान्यांतल्या पांढऱ्या खाटा, कोट टांगायचे खुंटे. कोट इकडे कोण घालतो असं मी विचारलं होतं. रेवदंड्याच्या एका बाईनं त्यावर जाळी सुकवायला घातली, हे तुम्ही मला टेम्पो थांबवून दाखवलंत. वडखळच्या वळणावर एकदा म्हणाला होतात, “मुंबईला गावची दारं पायजेत आन गावाला मुंबईची कपाटं. कुनाचं काय चुकलंय? दुसऱ्याचं जुनं आपल्याकडं नवंच आसतं.”

मुंबईच्या त्या फेऱ्यांना मी महिन्यातून एकदा सोबत यायची. कारण सांगायला एक असायचं, पण खरं कारण खणांतले कागद होते. कपाट घेतलं की तुम्ही आधी त्याचे खण ओढून काढायचात, तळाला घातलेली वर्तमानपत्रं सोलून गुंडाळी करायचात आणि माझ्या मांडीवर टाकायचात. “हा तुमचा माल.” गिरगावातल्या एका चाळीच्या चमच्यांच्या खणातून आमच्याच पत्राचं एक पान निघालं. मी ते लगेच ओळखलं. त्यात भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशीच्या छापल्या गेल्या होत्या, आणि ते पान छपाईला मी सोडलं होतं. त्या चुकीवरून संपादकांनी मला फैलावर घेतलं होतं ते मी तुम्हाला सांगितलं.

तुम्ही गाडी चालवता चालवता हसत होतात. “आमच्यातलं कोन तुमच्या पेपरात बघून होडी काढीत न्हाय. घाबरू नका.”

“दुसऱ्या दिवशी खुलासा छापला होता आम्ही.”

“तो दुसऱ्या खनात आसंल.”

परतल्यावर तुम्ही खरोखरच दुसरा खण उपसलात. नव्हता. तिथे लग्नपत्रिका होत्या.

या गोष्टी मी क्रमानं सांगत नाही, हे माझ्या लक्षात आहे. मुद्द्यावर येते. आपलं खरं भांडण वखारीच्या मागच्या बाजूचं होतं आणि ते मिटलेलं नाही.

वखारीचा पुढचा अर्धा भाग विक्रीचा. मागचा अर्धा ‘राखून ठेवलेलं’. कोणाचं घर उतरलं आणि नवं बांधून व्हायचं होतं, कोणाला आजोबांचं दार हवं होतं पण ठेवायला जागा नव्हती, कोणी नुसतं म्हणालं होतं की हे कुणाला देऊ नका, मी येते. त्या सगळ्या वस्तू तुम्ही मागे उभ्या करून ठेवल्या होत्या. काही सहा-सहा वर्षं. कशावर चिठ्ठी नाही, वहीत नोंद नाही. शेवटी मीच एक जाड आखीव वही आणून दिली. पंधरा दिवसांनी ती एका कपाटाच्या तुटक्या पायाखाली सापडली.

“वही चांगली हाय,” तुम्ही म्हणालात. “कपाट हलत न्हाय.”

“दादा, हे लिहून ठेवायला हवं.”

“लिवलं का इसरायला मोकळं. मला इसरायचं न्हाय.”

“उद्या तुम्हाला काही झालं तर?”

“तर तुमी हायेत ना.”

मी चिडून घरी निघून गेले. मला वाटलं, थट्टा चालली आहे. ती आपली शेवटची भेट ठरेल हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि त्याबद्दल मला काही हृद्य लिहिता येत नाही. मी चिडलेली होते. तुम्ही दार पुसत होतात. तुम्हाला ‘येते’ म्हणायचंही राहिलं.

दहाव्यानंतर तुमची मीना माझ्याकडे आली. शाळेच्या ऑफिसातून सुटल्यावर ती थेट अलिबागहून आली होती, डबा अजून हातात होता. वखारीची जागा मालकाला पावसाआधी रिकामी हवी आहे, असं ती म्हणाली. मुंबईचा एक लाकडाचा व्यापारी सगळाच माल एका खेपेत उचलायला तयार होता. रविवारी ट्रक पाठवणार होता.

“पुढचं सगळं जाऊ दे,” मीना म्हणाली. “पण मावशी, मागचं कोणाचं काय आहे? बाबांनी शब्द दिलेत. कोणाला दिलेत ते मला माहीत नाही. आईला निम्मे आठवतात, तेही उलटसुलट. शब्द न पाळता माल गेला तर उद्या मी या नाक्यावरून जाऊ कशी?”

मागे चौतीस वस्तू होत्या. मी आणि मीनानं त्या मोजल्या. आमच्या हातात चार दिवस होते.

फळ्यावर मी लिहिलं: ‘हरीदादांच्या वखारीत ज्यांची वस्तू राखून आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत यावं.’ खाली नियम लिहिला: ‘सोबत एक साक्षीदार आणावा.’ हा नियम माझा. तुम्हाला तो आवडला नसता. पण न लिहिलेल्या यादीवर चौतीस दावे तपासायचे तर दुसरं साधन माझ्याकडे नव्हतं. एका माणसाच्या सांगण्यावर बातमी सोडायची नाही, हे मी पहिल्या वर्षी शिकले आणि त्यावर तीस वर्षं काढली.

लोक आले, दादा. गुरुवारी सकाळी पहिले आले ते निवृत्त मास्तर, शाळेच्या जुन्या बाकासाठी, साक्षीला बायको घेऊन. मी म्हटलं, घरचा साक्षीदार चालत नाही. बाई म्हणाल्या, “मी यांच्या बाजूनं बोलायला आलेच नाही. हे बाक घरात नको म्हणून सांगायला आलेय. पण आहे यांचंच.” मी यादीत लिहून घेतलं. रेवदंड्याहून इस्माईलचाचा कोरीव ब्रॅकेटांच्या जोडीसाठी आले. सोबत तिघे होते आणि तिघेही वेगवेगळ्या झाडाचं लाकूड सांगत होते, पण ब्रॅकेटं चाचांची याबद्दल एकमत होतं. निघताना चाचा मागच्या भिंतीशी थांबले. “ये जो पालना है, ये बेलवालोंच्या मधल्या सुनेचा. हरीनं मला दाखवला होता. तिला निरोप गेला का?” गेला नव्हता. त्यांनीच फोन लावला.

असं सारखं होत राहिलं. येणारा आपली वस्तू नेता नेता शेजारच्या दोन वस्तू कोणाच्या ते सांगून जाई. तुमची नोंदवही कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात थोडी थोडी होती. शुक्रवारी दुपारपर्यंत माझ्या यादीत एकवीस नावं झाली. कपाटाच्या पायाखालून वही काढून मी ती त्यातच लिहीत होते. कपाट आता हलतं.

वरच्या आळीतले दोघे भाऊ तुम्हाला आठवत असतील. घराच्या वाटणीपासून बोलत नाहीत. शुक्रवारी थोरला आला. पितळी फुल्यांच्या दारासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “हे धाकट्याचं. त्याला द्या.” मी लिहून घेतलं. तासाभरानं धाकटा आला. “ते दार दादाचं हाय. मी कशाला नेऊ?” सहा वर्षं तुम्ही ते दार कोणासाठी राखलं होतंत हे मला तेव्हा कळलं. एकट्या कोणालाच द्यायचं नव्हतं तुम्हाला. मी निरोप पाठवला की दोघांनी एकत्र यावं, दार एका माणसाला उचलणार नाही. ते आले. एकानं वरची बाजू धरली, एकानं खालची. वखारीच्या बाहेर पडेपर्यंत बोलले नाहीत. बाहेर पडल्यावर थोरल्याचा आवाज आला, “डाव्या अंगानं घे, मूर्खा.” मीना हसत आत पळाली. मीही हसले. तुमच्यानंतर पहिल्यांदाच.

शनिवारी दुपारी खाडीपलीकडून एक बाई आल्या. डोक्यावर सुकटीची रिकामी टोपली. नाव हिराबाय. सत्तरीच्या असतील. मागच्या भिंतीजवळ एक तांबडी खिडकी होती, दोन पल्ल्यांची, पाच लोखंडी गजांची. हिराबाय सरळ तिच्याकडे गेल्या आणि चौकटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“ही माजी. माज्या म्हायेरची. भावांनी घर पाडलं तवा हरीनं उचलून ठेवली. पाचातला एक गज वाकडा हाय बघा. म्या लहान व्हते तवा डोकं अडकलं व्हतं, बापानं वाकवला.”

गज वाकडा होता. पण तो समोर दिसतच होता. पाहून कोणीही सांगितलं असतं. मी विचारलं, “साक्षीदार कोण?”

“साक्षीला हरीच व्हता.”

“दुसरं कोणी?”

“आमी दोगंच व्हतो.”

सकाळी त्याच खिडकीसाठी आणखी एक जण येऊन गेला होता, नागावला नवं हॉटेल काढणारा. त्यालाही साक्षीदार नव्हता, म्हणून मी त्यालाही परत पाठवलं होतं. नियम सगळ्यांना सारखा. मी हिराबायना तेच सांगितलं, नीट, सावकाश, हात जोडून. त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. टोपली उचलताना एवढंच म्हणाल्या, “तो आसता तर तुमीच त्याला इचारलं आसतंत.” आणि गेल्या.

संध्याकाळी हिशेब लागला. तेहतीस वस्तूंना माणसं मिळाली. एक शिल्लक, ती ट्रकात. मीना म्हणाली, “मावशी, चौतीसपैकी तेहतीस. बाबांनाही एवढं जमलं नसतं.” मी हो म्हटलं आणि घरी येऊन यादी पुन्हा वाचली. बारकाईनं, प्रत्येक नावापुढे खूण करत. शेवटच्या ओळीवर थांबले. ‘तांबडी खिडकी. दावा सिद्ध नाही.’ सिद्ध नाही हे खरं होतं. खोटा आहे असं मात्र मला कोणीच सांगितलं नव्हतं. एखाद्या नवशिक्या बातमीदारानं हे वाक्य माझ्यासमोर आणलं असतं तर मी त्याला एकच प्रश्न विचारला असता: तू तिथे गेला होतास का? तीन दिवस मी तुमच्या वखारीत खुर्ची टाकून बसले होते आणि लोकांना साक्षीपुरावे घेऊन यायला लावत होते. जागेवर जाऊन पाहिलेलं एकही नव्हतं. ज्यांची घरं याच गावात होती त्यांच्या बाबतीत त्यानं बिघडलं नाही, कारण त्यांना साक्षीदार पावलापावलाला होते. खाडीपलीकडच्या एकट्या बाईला ते कुठून मिळणार?

रविवारी सहाला रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, “हिराबाय सुकटवाली? तिकडं एवढ्या सकाळी? सुकट तर नाक्यावर भेटते.” मी म्हटलं, खिडकी बघायची आहे. पूल संपल्यावर तो म्हणाला, “खिडकी कुठं हाय तिला? भोक हाय.”

खरोखरच भोक होतं. घरकुल योजनेतलं नवं घर, विटांचं, गिलावा व्हायचा होता. पुढच्या भिंतीला सरकती ॲल्युमिनियमची खिडकी होती. खाडीकडच्या भिंतीला मात्र एक चौकोनी मोकळी जागा ठेवलेली होती आणि तिच्यावर निळी ताडपत्री खिळ्यांनी ताणली होती. शेजारी काम करणारा गवंडी मला पाहून पुढे आला. त्याला वाटलं, मी सरकारी माणूस आहे. “म्या सांगून थकलो, म्याडम. एक पावसाळा तसाच काढलाय बाईनं. आत तळं व्हतं. म्हनते, माजी खिडकी येनार हाय.”

हिराबाय दारात आल्या. मला बघून त्यांना राग आला नाही, आश्चर्यही वाटलं नाही. “या, बसा. चाय घेता?”

मी विचारलं, एवढंच माप का ठेवलंत?

“हरीनं दिलं ना माप.” त्या आत गेल्या आणि खुंटीवरची सुतळी घेऊन आल्या. दोन गाठी मारलेली. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत उंची, तिथून दुसऱ्या गाठीपर्यंत रुंदी. टेप तुमच्या खिशात गिऱ्हाइकाला दाखवायला असायचा. माप तुम्ही नेहमी सुतळीनं द्यायचात, ते मला माहीत होतं. ज्यांना आकडे लिहून देण्यात अर्थ नाही त्यांना तुम्ही गाठ मारून द्यायचात.

“काल ही का आणली नाहीत?”

“तुमी मानूस मागितलात. सुतळी कुटं मागितलीत?”

मी मीनाला फोन लावला.

“मावशी, ट्रक भरतोय. ती खिडकी तळाला गेली. वर सहा दारं आहेत.”

“उतरव.”

“अहो, ते लोक दोरखंड बांधायला लागलेत.”

“मी सुतळी घेऊन येतेय. तोवर बांधू देऊ नको.”

ती काय समजली कोण जाणे. पण तिनं बांधणं थांबवलं. हिराबाय आणि मी त्याच रिक्षानं परत आलो. ट्रकवरचा मुकादम वैतागला होता. “एक खिडकीके लिए पूरा माल उतारूँ? मालिकको क्या बोलूँ?” मीनानं त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि पहिल्या दाराचं टोक स्वतः धरलं. दुसऱ्या टोकाला तो आला, कारण ती एकटीच ओढत होती. तिसऱ्या दाराला नाक्यावरचे चौघे आले. पाचव्याला धाकटा भाऊ. सहा दारं भिंतीला लागली तेव्हा खिडकी निघाली.

नियम तो नियम. मी सुतळी चौकटीवर लावली. पहिली गाठ उंचीच्या टोकाला आली, दुसरी रुंदीच्या. एका बोटाचाही फरक नाही.

मीना कमरेवर हात ठेवून बघत होती. “झालं समाधान?”

“झालं.”

यादीत मी ‘दावा सिद्ध नाही’ खोडून त्यावर नाव लिहिलं. हिराबायची मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही माहीत नाही. त्या वाकड्या गजावरची धूळ पदरानं पुसत होत्या.

खिडकी न्यायला टेम्पो लागणार होता, आणि टेम्पो तुम्ही गेल्यापासून उभा होता. विकायचा ठरला होता. मीनाकडे लायसन आहे हे मला माहीत होतं. वखारीच्या आवाराबाहेर तिनं तो कधी काढला नव्हता. चावी घेऊन ती चढली. पहिल्यांदा बंद पडला, दुसऱ्यांदा बंद पडला. नाक्यावरून कोणीतरी ओरडलं, “पोरी, बाप पन असाच करायचा!” तिसऱ्यांदा निघाला. पुलावर ती इतक्या हळू चालवत होती की मागची एसटी हॉर्न वाजवून थकली. पलीकडे पोचल्यावर तिनं हँडब्रेक ओढला आणि म्हणाली, “रविवारचा एक दिवस तरी काढत जाईन. बघू.” यापेक्षा जास्त ती काही बोललेली नाही, म्हणून मीही जास्त सांगत नाही. टेम्पो विकायचा आहे असं आता ती म्हणत नाही, एवढं नक्की.

तुमचं-माझं भांडण मिटलं असं मात्र समजू नका. माझं म्हणणं अजून तेच आहे. लिहून ठेवायला हवं होतं. चार दिवस आमच्या पायांत त्राण उरलं नव्हतं, आणि एक खिडकी थोडक्यात मुंबईला गेली असती. तुमच्या बाजूनं इतकंच मान्य करते की तुम्ही लिहून ठेवलं असतंत तर मीना आणि मी यादी घेऊन चौतीस घरी वस्तू पोचवल्या असत्या आणि दोन दिवसांत मोकळ्या झालो असतो. ते भाऊ एका दाराला दोन्हीकडून लागले नसते. चाचांनी बेलवाल्यांच्या सुनेला फोन केला नसता. आणि मला या गावातली इतकी माणसं नावानं माहीत झाली नसती. यावर तुम्ही काय म्हणाला असतात याचा मला अंदाज आहे. तो इथे लिहीत नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या तोंडी वाक्यं घालायची नाहीत, हाही आमच्याकडचा नियमच.

एक गोष्ट मी पाच वर्षांत कधी बोलले नाही. मी इथे आले ते घर शोधत नव्हे, काम संपलं होतं म्हणून. पहिले कित्येक दिवस मी तुमच्याशिवाय कोणालाच ओळखत नव्हते, फक्त फळा वाचायची. मग एका सकाळी तिसरी बातमी अशी होती: ‘चिंचेजवळच्या घरात राहायला आलेल्या बाई पेपरात होत्या. कोणाला अर्ज लिहून हवे असतील तर विचारावं.’ मला न विचारता लिहिलं होतंत. त्याच दुपारी पाच जण आले. मी तुमच्याशी पुन्हा भांडायला म्हणून आले होते, आणि भांडूनच गेले. आभार मानायचे होते.

गवंड्यानं विटा दोन्हीकडून थोड्या तासल्या, चौकट भोकात बसवली, लोखंडी पट्ट्या ठोकून सिमेंट भरलं. खिडकी जराही हलली नाही. तिचा तांबडा रंग आणि कच्च्या विटा शेजारी शेजारी काहीतरीच दिसत होत्या, आणि हिराबायना ते अजिबात दिसत नव्हतं. गवंडी म्हणाला, “दोन दिवस हात लावायचा न्हाय, बाय. सिमेट ओलं हाय. पल्लं तर उघडायचंच न्हाय.” हिराबायनी मान हलवली. तो हात धुवायला पिंपाकडे वळला, तेवढ्यात त्यांनी डावा पल्ला उघडला. खाडीचं पाणी उतरलेलं होतं. चिखलात दोन होड्या कलंडून पडल्या होत्या. त्यांनी ते पाहिलं, पल्ला हळूच पुन्हा ओढून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हरीला सांगा, बसली.”

म्हणून सांगते आहे.